गाबाला आवाज नसतो हे मान्य, पण मग आवाज करायचा कोणी?

जहाजावर एकदा जेवण झाल्यावर ताटात उरलेला भात मी सरळ फूड वेस्टच्या डब्यात ओतला आणि गॅलीतून, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून, जोरात आवाज आला, "ओय, गाबाआन का!" आमचा चीफ कुक. फिलिपिनो क्रू चीफ कुकला 'मायोर' म्हणतो, मूळ स्पॅनिश मायोरदोमो म्हणजे घरचा कारभारी, त्याचं कापून छोटं केलेलं रूप. माणूस फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरचा, पन्नाशीचा, कधी कोणावर आवाज न चढवणारा, आणि आज भातावरून एकदम खवळला म्हणून मी विचारलं की हे काय होतं नक्की.

तर गाबाआन का म्हणजे तुला गाबा लागेल, आणि गाबा म्हणजे केलेल्या पापाची आपोआप लागणारी शिक्षा. आणि मग त्याने पूर्ण म्हणच ऐकवली: "आंग गाबा मोदुओल, दिली माग्साबा." दुओल म्हणजे जवळ, मोदुओल म्हणजे जवळ येतो, दिली म्हणजे नाही आणि साबा म्हणजे गोंगाट, आवाज. गाबा जवळ येतो पण आवाज करत नाही. मला हसूच आलं, कारण आमच्या आजीने हेच वाक्य मला लहानपणी शंभर वेळा ऐकवलंय, फक्त तिच्याकडे गाबा नव्हता, काठी होती. देवाच्या काठीला आवाज नसतो. आणि तीसुद्धा बहुतेक वेळा अन्न टाकण्यावरूनच.

ही म्हण मला मनापासून आवडते हे आधीच सांगतो. पण हल्ली ती जिथे जिथे वापरली जाते, सेबूमध्ये आणि आपल्याकडेही, तिथे ती बहुतेक वेळा चोराच्या फायद्याची ठरते असं माझं मत झालंय. कसं ते सांगतो, थोडं लांबण लागेल.

आधी भाषेचं. सेबुआनो ही साधारण दोन कोटी लोकांची भाषा, सेबू, बोहोल, पूर्व नेग्रोस आणि मिंदानाओचा मोठा भाग, आणि बोलणारे लोक स्वतः तिला बहुतेक बिसाया म्हणतात. १५२१ मध्ये स्पेनच्या वतीने निघालेला दर्यावर्दी मॅगेलन सेबूला उतरला, क्रूस उभा केला आणि महिन्याभरात समोरच्याच माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांच्या हातून मेला, पण १५६५ ला स्पेनचा लेगाझ्पी आला तो स्पॅनिश राजवट घेऊनच आणि ती तीनशे वर्षांहून जास्त राहिली. त्यामुळे बिसायामध्ये स्पॅनिश शब्द खचाखच भरलेत. आता गंमत बघा. न्याय म्हणजे हुस्तिस्या, स्पॅनिश. वकील आबोगादो, न्यायाधीश हुवेस, कोर्ट कोर्ते, दंड मुल्ता, तुरुंग कालाबोसो, सगळं स्पॅनिश. पण गाबा? तो घरचा आहे. पाद्री येण्याच्या आधीपासूनचा, आणि पाद्र्यांनाही तो काढता आला नाही, त्यांनी फक्त त्याच्या मागे देवाचं नाव जोडलं.

म्हणजे कायदा बोटीतून आला आणि तळतळाट मातीतला. हे वाचून मला आपलीच आठवण झाली. फिर्याद, वकील, जामीन, अर्ज, हुकूम, तारीख, हे सगळं आपल्याकडे फारसी-अरबीतून आलेलं. पण तळतळाट आपला. हाय लागणे आपलं. "कुठे फेडशील ही पापं" हे आपलं. ज्या भाषेत कोर्ट चालतं ती गरिबाला येत नाही (फिलिपिन्समध्ये आजही कोर्टाचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं) मग तो त्याला येणाऱ्या भाषेत खटला दाखल करतो. तो खटला म्हणजे गाबा. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण म्हणीवर टीका करताना ती कोणाची म्हण आहे हे विसरलं की माणूस उगाच शहाणपणा शिकवायला लागतो.

शिक्षेसाठी बिसायामध्ये अजून एक शब्द आहे, सिलोत. पण सिलोत माणूस देतो, बाप देतो, मास्तर देतो, कोर्ट देतं. फाशीची शिक्षा म्हणायची तर सिलोत सा कामातायोन. गाबा मात्र कोणी देत नाही, तो लागतो. वाक्याची रचनाच अशी की लागणारा माणूस समोर दिसतो आणि देणारा कुठेच नाही. मराठीत आपण कसं म्हणतो, नजर लागली, शाप लागला, हाय लागली, तसंच एकदम. कोणी लावली ते वाक्यात येत नाही. हल्ली तिकडची तरुण पोरं गाबाच्या जागी सरळ 'कर्मा' म्हणतात, म्हणजे आपलाच शब्द इंग्रजीतून फिरून तिकडे पोचला, पण जुनी माणसं सांगतात की ते वेगळं. कर्माला पुढचा जन्म चालतो. गाबाला तेवढा धीर नाही, तो याच जन्मात येतो, बऱ्याचदा याच महिन्यात.

आणि गाबा कशाने लागतो ती यादी फार सुंदर आहे. आईबापाला उलट बोलणं, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा, जनावराला विनाकारण मारणं, भात सांडणं. म्हणजे ज्यांना उलटून मारता येत नाही अशांची सगळी यादी. म्हातारी आई पोराला कोर्टात खेचणार नाही, कुत्रा तक्रार करू शकत नाही आणि भात तर बिचारा भातच. त्यांच्या वतीने उभा राहणारा कोणीतरी हवा म्हणून गाबा.

गावात हे चालायचं, आणि चालायचं ते देवामुळेच असं मला वाटत नाही. छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. एखाद्याने विधवा वहिनीची जमीन दाबली तर विहिरीवर, चर्चच्या दारात, कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यात कुजबुज सुरू होणार की याला गाबा लागणार बघ. हे त्याच्या कानावर जाणार. मग त्याची म्हैस मेली की तो स्वतःच दचकणार, बायको म्हणणार देऊन टाका ना ती जमीन. म्हण म्हणते गाबा आवाज करत नाही, पण खरं तर सगळा आवाज शेजारीच करत होते! गाबा म्हणजे त्या कुजबुजीला दिलेलं इभ्रतीचं नाव. गुन्हेगाराला ती ऐकू येत होती, आणि त्याला त्याच गावात मरायचं होतं, म्हणून ती चालत होती.

आता तो गुन्हेगार गावात राहतच नाही. तो मनिलातल्या गेट लावलेल्या कॉलनीत राहतो, किंवा आणखी लांब, आणि तुमची कुजबुज त्याच्या काचा वर केलेल्या गाडीत पोचत नाही. मग राहिलं काय तर नुसतं वाट बघणं.

२०२५ हे वर्ष सेबूसाठी भयंकर गेलं. ३० सप्टेंबरच्या रात्री उत्तरेला बोगो शहराजवळ ६.९ चा भूकंप झाला, सत्तरहून जास्त माणसं गेली, लोक तंबूत राहत होते, आणि पाच आठवडे होतात न होतात तोच ४ नोव्हेंबरला कालमाएगी वादळ आलं, तिकडे त्याला तीनो म्हणतात. वादळ किनाऱ्याला लागायच्या आधीच्या २४ तासांत सेबू शहराच्या परिसरात १८३ मिलिमीटर पाऊस पडला, तिथली अख्ख्या महिन्याची सरासरी १३१. तालिसायमधली मानांगा नदी, मांदाउएमधली बुतुआनोन नदी, लिलोआन, कोम्पोस्तेला, सगळीकडे पाणी घरांच्या छपरापर्यंत गेलं, गाड्या एकमेकांवर खेळण्यासारख्या रचल्या गेल्या, आणि एकट्या सेबू प्रांतात शंभराहून जास्त माणसं मेली.

अशा वेळी गाबा हा शब्द निघतोच. हा देवाचा गाबा आहे, लोक पापी झालेत, पोरं आईबापाचं ऐकत नाहीत वगैरे. आमच्याच मेसरूममध्ये एक जण हे बोलला आणि मायोरने चमचा खाली ठेवला. त्याची बहीण तालिसायला, नदीपासून दोन गल्ल्या आत. तिने कोणतं पाप केलं होतं म्हणून तिचं घर गाळाने भरलं?

हा वाद आपल्याला नवीन नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला आणि गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक, तरी त्यांनी लगेच विरोध केला की निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवणं हे अविवेकाला खतपाणी घालणं आहे. गांधीजींचा मोठेपणा असा की त्यांनी ते पत्र आपल्याच 'हरिजन'मध्ये छापलं, उत्तरासकट. मला गांधीजींचा हेतू कळतो, पण या एका बाबतीत मी पूर्णपणे ठाकुरांच्या बाजूने. कारण भूकंपात सर्वात आधी पडतं ते कच्चं घर, आणि ज्यांच्यावर अस्पृश्यता लादली त्यांचीच घरं जास्त कच्ची. शिक्षा पाठवणारा इतका हुशार असेल तर त्याला पत्ता बरोबर का लिहिता येत नाही?

सेबूमध्ये तर पाप कुठे झालं हे शोधायला आकाशाकडे बघायचीही गरज नव्हती. २८ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी देशाला उद्देशून केलेल्या वार्षिक भाषणात पूरनियंत्रणाच्या कामात पैसे खाणाऱ्यांना भर सभागृहात लाज वाटू द्या म्हणून सुनावलं होतं. ऑगस्टमध्ये त्यांनीच आकडे काढले, जुलै २०२२ पासून पूरनियंत्रणाची ९८५५ कामं, सुमारे ५४५ अब्ज पेसो, आणि त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा फक्त १५ कंत्राटदारांकडे. कुठे निकृष्ट काम, कुठे काम फक्त कागदावर. २१ सप्टेंबरला मनिलात हजारो लोक रस्त्यावर आले. आणि तीनोनंतर सेबूच्या गव्हर्नर पामेला बारिक्वात्रो यांनी जाहीर विचारलं की सेबूसाठी पूरनियंत्रणाचे २६ अब्ज पेसो आले आणि तरी आम्ही असे बुडालो कसे.

हा प्रश्न गाबाच्या बरोबर उलटा आहे. गाबा विचारतो कोणाचं पाप. हा विचारतो किती पैसे, कुठली भिंत, सही कोणाची. २०१८ मध्ये सेबूतल्याच नागा शहरात, दगडखाणीच्या शेजारी, डोंगर खाली आला आणि सत्तरहून जास्त लोक गाडले गेले, तेव्हा काही आठवडे आधीपासून जमिनीला भेगा दिसत होत्या. डोंगर तर साबा करत होता हो, ऐकणाऱ्यांनी काय केलं हा प्रश्न आहे.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त खटकते. एखादा भ्रष्ट पुढारी आजारी पडला, कॅन्सर झाला, पॅरालिसिस झाला, की लोक म्हणतात बघा, गाबा. आपल्याकडे तर काय, बातमीखाली दोनशे जण एकच ओळ टाकतात, देवाच्या काठीला आवाज नसतो, वर हात जोडलेला इमोजी. मला कळतो तो राग. पण जरा विचार करा, त्याच हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डमध्ये त्याच आजाराची शाळेतली शिपाईबाई पडलीय, जिने आयुष्यात कोणाचा एक रुपया खाल्ला नाही. तिला काय सांगणार, तुझी काठी कुठली? आणि तो पुढारी स्पेशल रूममध्ये, चांगल्या डॉक्टरकडे, आणि पैसे? पैसे जिथे होते तिथेच राहतात, पोराच्या नावावर. आपण मात्र हिशेब पूर्ण झाला म्हणून समाधानाने झोपतो. मला वाटतं म्हणीचा सर्वात मोठा तोटा हाच. ती हिशेब पूर्ण झाल्याचा भास देते.

दुतेर्ते यांचं उदाहरण घ्यावंच लागेल कारण ते दावाओचे, आणि दावाओत बिसायाच चालते. २०१६ ते २०२२ ते राष्ट्राध्यक्ष होते, त्या काळातल्या ड्रग्जविरोधी मोहिमेत पोलिसांच्याच हिशेबाने ६००० हून जास्त माणसं मेली, मानवाधिकारवाले याच्या कितीतरी पट सांगतात. ११ मार्च २०२५ ला मनिलाच्या विमानतळावर त्यांना आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयाच्या वॉरंटवर पकडलं आणि हेगला नेलं. त्या दिवशी आमच्या मेसरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणाला गाबा. दुसरा म्हणाला, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला परक्या देशात पाठवलं, ज्यांनी पाठवलं त्यांना लागेल गाबा. एकच शब्द, दोन्हीकडून, आणि दोघंही तितकेच ठाम. इथेच गाबाची मर्यादा कळते, तो कोणाच्याही बाजूने उभा राहतो. पुरावा मागत नाही ना.

पण ती अटक काही आपोआप झाली नव्हती. मारल्या गेलेल्यांच्या आया, बायका वर्षानुवर्षं कागद जमवत होत्या. फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट डॉ. राकेल फोर्तुन यांनी थडग्यातून बाहेर काढलेली हाडं एकेक करून तपासली, आणि काही जणांच्या मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियासारखं नैसर्गिक कारण लिहिलेलं असताना हाडांवर गोळीच्या खुणा सापडल्या. दाखल्यावर न्यूमोनिया आणि कवटीला भोक. हे वाचलं तेव्हा मी पाच मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून बसलो होतो. दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवेल, आरोपीला वकील आहे, बाजू मांडायची संधी आहे, आणि ती असलीच पाहिजे. गाबाकडे ती सोयच नाही, तिथे थेट निकाल लागतो. माझ्या मते यातला प्रत्येक टप्पा साबा आहे, गोंगाट. वॉरंट वाचून दाखवणं, साक्षीदार, तारखा, उलटतपासणी, सगळा गोंगाट.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणतातच, की तू जहाजावर डॉलरमध्ये पगार घेणारा माणूस, गरिबाकडे एवढंच तर उरलंय, तेही काढून घेणार का? बरोबर आहे. मी काढून घेत नाहीये. ज्या बाईची सगळी दारं ठोठावून झालीत तिने रात्री म्हटलं की तुला गाबा लागेल, तर ती काय चुकीचं करतेय? ती शिव्या देत नाही, सुरा उचलत नाही, ती म्हणते की जगात काहीतरी हिशेब आहे. एवढ्या विश्वासावर माणसं आत्महत्या न करता जगतात. शिवाय लहान मुलाला भात सांडू नकोस हे सांगायला मला तरी गाबापेक्षा चांगली युक्ती माहीत नाही, माझ्या मुलीवर मी ती वापरतो (बायको म्हणते घाबरवू नकोस, पण चालतं ते).

माझा राग तिच्यावर नाही. माझा राग आपल्यासारख्यांवर आहे, ज्यांच्याकडे शिक्षण आहे, फोन आहे, सुट्टी आहे, अर्ज लिहिता येतो, आणि तरी आपण गरिबाची म्हण उसनी घेऊन आपला आळस झाकतो. म्हातारीने म्हटलं तर ती प्रार्थना. आणि जिल्हा परिषदेच्या बिलात काय लिहिलंय ते बघू शकणाऱ्या माणसाने म्हटलं तर ती सुट्टी घेणं झालं.

तीनोनंतर महिनाभराने, मायोरच्या बहिणीचा फोटो आला. तिच्या गल्लीच्या टोकाला नदीकाठच्या भिंतीच्या कामाचा सरकारी बोर्ड, कामाचं नाव, रक्कम, सुरू केल्याची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख. भिंतीचा एक तुकडा आडवा पडलेला. मायोरने मला विचारलं की तुमच्या इंडियात असं काही असेल तर लोक काय करतात. मी म्हटलं, तसे आम्हीही बहुतेक वेळा देवाच्या काठीवरच सोडतो, पण एक आरटीआय नावाची गोष्ट आहे, आमच्या महाराष्ट्रात तर केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्याही आधी, २००२ मध्येच कायदा झाला होता, त्यासाठी उपोषणं करावी लागली होती. दहा रुपयांचा स्टॅम्प आणि तीस दिवस. त्याला ते दहा रुपयांचं फार आवडलं.

मग आम्ही शोधलं. फिलिपिन्समध्ये संसदेने केलेला असा देशव्यापी कायदा नाही, पण राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतल्या खात्यांसाठी २०१६ चा एक आदेश आहे, १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, ऑनलाइन अर्ज करता येतो. त्या आदेशावर सही कोणाची, तर दुतेर्ते यांची. मायोर बराच वेळ नुसता हसत होता.

अर्ज इंग्रजीत मी टाइप केला, कामाचा नंबर बोर्डाच्या फोटोवरून, कंत्राटाची प्रत, मोजमाप पुस्तिका, शेवटचं बिल, तपासणीचा रिपोर्ट. सॅटेलाइटचं नेट दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा अर्ज गेला, रेफरन्स नंबर आला, तो त्याने गॅलीतल्या मेन्यूच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला, सोमवारच्या चिकन आदोबोच्या खाली, म्हणजे रोज दिसेल. मी उठताना ताटात दोन घास भात राहिला होता. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. मी परत खाली बसलो.